निम्मी राळ

१

"कुणीतरी माझ्या औषधात हात घातलाय, दोना ओंदिना."

डॉक्टर आन्सेल्मो एवढं बोलून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. दोना ओंदिनांनी आपली खुर्ची थोडी फिरवून घेतली. उजव्या कानानं त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे महत्त्वाचं बोलणारा माणूस त्या नेहमी डावीकडे घ्यायच्या. ब्राझीलच्या मिनास प्रांतातल्या सेरा क्लारा गावच्या पोलीस ठाण्याच्या त्या वर्षानुवर्षं प्रमुख होत्या. निवृत्त झाल्यावर गावानं त्यांना हॉस्पिटलच्या नीती समितीवर बसवलं होतं. पेशंटांच्या बाजूनं बोलणारं, डॉक्टर नसलेलं कुणीतरी समितीत हवं, असा नियम होता.

"हात घातलाय म्हणजे नेमकं काय?"

"तुम्हाला चाचणी आठवते ना? तुमचीही सही आहे त्यावर."

आठवत होती. घशाच्या आणि तोंडाच्या कॅन्सरला किरणांचा शेक देतात. त्या शेकानं तोंड आतून सोलवटून निघतं, पेशंटला पाण्याचा घोटही गिळवत नाही. मिनासच्या डोंगरांत मधमाश्या आलेक्रिमच्या झुडपांचे कोवळे कोंब कुरतडून त्यांचा चीक आणतात आणि पोळ्याच्या फटी बुजवतात. तीच हिरवी राळ, औषधवाल्यांच्या भाषेत प्रोपोलिस. तिच्यात आर्टेपिलिन नावाचं एक द्रव्य असतं आणि त्यानं सूज उतरते असं प्रयोगशाळेतल्या उंदरांवर दिसलं होतं. माणसांच्या तोंडावर काय दिसतं, ते डॉक्टर आन्सेल्मोंना पाहायचं होतं. म्हणून निम्म्या पेशंटांना राळेचं औषध आणि निम्म्यांना तसंच हिरवं, तसंच कडू, पण राळेशिवायचं पाणी. कुणाला काय मिळतंय ते पेशंटांना माहीत नाही, नर्सला नाही, खुद्द डॉक्टरांनाही नाही.

"उरलेलं औषध पेशंट दर आठवड्याला बाटलीसकट परत आणतात. त्यातलं थोडं मी राजधानीतल्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवलं," डॉक्टर म्हणाले. "काही बाटल्यांत आर्टेपिलिन पूर्ण सापडायला हवं, काहींत अजिबात नाही. बरोबर?"

"मग काय सापडलं?"

"बऱ्याच बाटल्यांत निम्मं."

दोना ओंदिनांनी भुवया उंचावल्या.

"परवानगीसाठी किती वर्षं खेटे घातले मी! ईस्टरला शेकाचं मशीन आठवडाभर बंद पडलं, तेही निभावून नेलं. आणि आता हे." डॉक्टर वळले. "बाटल्या वाटते जुसेलिया. कपाटाची किल्ली तिच्याकडे. राळ पुरवणारा लेओन्सियो तिच्या बहिणीचा नवरा. आणखी काय हवं? सोमवारी समितीची बैठक आहे. तिला काढून टाका, एवढंच माझं म्हणणं."

"जुसेलिया काय म्हणते?"

"तिलाच विचारा. बाहेर बसलीय."

जुसेलिया वॉर्डातली सगळ्यात जुनी नर्स. ती आत आली आणि हात मांडीवर ठेवून बसली. ना रडली, ना चिडली.

"जुसेलिया, बाटल्यांत तू काही मिसळलंस का?"

"नाही, दोना ओंदिना."

"मग कुणी मिसळलं ते माहीत आहे?"

जुसेलियानं भिंतीकडे पाहिलं.

"माहीत नाही असं मी म्हणणार नाही," ती सावकाश म्हणाली. "मी काहीच म्हणणार नाही. नोकरी घ्यायची तर घ्या."

२

डॉक्टरांना वाटलं, झालं, कबुलीच दिली. दोना ओंदिनांना तसं वाटेना. ठाण्यात त्यांनी खूप गुन्हेगार पाहिले होते. स्वतःचं लपवणारा माणूस भरभरून बोलतो, नाही नाही ते सांगतो. तोंडाला कुलूप घालून बसतो तो बहुधा दुसऱ्याला झाकत असतो.

त्या तळमजल्यावर औषधांच्या खोलीत गेल्या. तिथला एदमार सगळी औषधं स्वतः बनवायचा. उंच, किडकिडीत माणूस. बोलताना सतत एप्रनच्या खिशातलं पेन काढायचा आणि परत ठेवायचा.

"माझ्यावर यायचं काही कारण नाही," दोना ओंदिना बसण्याआधीच तो म्हणाला.

"आलंय असं कुणी म्हणालं?"

"कुणी म्हणण्याआधी सांगून ठेवतो."

"मग हेही सांग. दोन पातेल्यांतलं औषध तुझ्याच हातून एकमेकांत गेलं असेल तर?"

एदमारनं पेन काढलं. "तर कपाटातल्या सीलबंद बाटल्यांतही निम्मंच सापडलं असतं. त्याही राजधानीला गेल्या होत्या. त्या चोख आहेत. पूर्ण म्हणजे पूर्ण, शून्य म्हणजे शून्य."

"म्हणजे बाटली इथून बाहेर पडली तेव्हा ठीक होती."

"शंभर टक्के."

"परत आलेल्या बाटल्या दाखव बरं. निम्म्यावाल्या एका बाजूला आणि बाकीच्या दुसऱ्या."

एदमारनं टेबलावर बाटल्या मांडल्या. तपकिरी काच, पांढरं झाकण, प्रत्येकीवर पेशंटचं नाव. दोना ओंदिनांनी चष्मा चढवला आणि चोख निघालेल्या बाटल्या आधी हातात घेतल्या. या बाजारात चपला शिवणाऱ्या बेनेव्हेनुतोच्या. या त्यांच्याच गल्लीतल्या दोना कार्मेलिताच्या. ही चर्चची घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याची. सगळी ओळखीची, गावातली माणसं.

मग दुसरी बाजू. त्यातलं एकही नाव त्यांना ओळखता आलं नाही. आणि सेरा क्लारात त्यांना ओळखता येऊ नये असं नाव सापडणं कठीण.

"एदमार, या बाटल्यांच्या गळ्याला बाहेरून काय चिकटलंय?"

एदमारनं वाकून पाहिलं. निम्म्यावाल्या प्रत्येक बाटलीच्या गळ्यावर एक हिरवट, चिकट ओघळ होता.

"राळ. पाण्यानं धुतली तरी निघत नाही, स्पिरिट लागतं. पण बाहेर कशी आली? आम्ही नळीनं भरतो, थेंब सांडत नाही."

"चमच्यात ओतताना?"

"मग या चोख बाटल्यांवरही असायला हवी."

"आणि हे राळेत रुतलेलं पिवळं?"

एदमारनं नखानं एक कण उचलला, चोळला आणि जिभेला लावला. मग गोंधळून वर पाहिलं.

"मक्याचं पीठ आहे, दोना ओंदिना."

३

मक्याचं पीठ मिनासमध्ये कुठल्या घरात नसतं? तेवढ्यानं कुणाला धरता येत नव्हतं. शिवाय लेओन्सियोची गाठ घेतल्याशिवाय त्याचं नाव खोडणं दोना ओंदिनांच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी काढली.

लेओन्सियोच्या पेट्या टेकडीच्या उतारावर होत्या, भोवती कमरेएवढी आलेक्रिमची झुडपं. ऊन चढत होतं आणि कोंबाकोंबावर माशा कामाला लागल्या होत्या. लेओन्सियो एका पेटीच्या बाजूची फळी सरकवून फटीत माशांनी भरलेली राळ सुरीनं कापून काढत होता. हिरवीगार, लांबट पट्टी.

"जवळ येऊ नका, दोना ओंदिना. या माशांना पोलीस आवडत नाहीत."

"मी निवृत्त झालेय."

"त्यांना अजून कळलेलं नाही."

त्यानं जाळी वर केली आणि दोघं झाडाच्या सावलीत बसले. त्याला सगळं आधीच कळलं होतं. जुसेलियाच्या बहिणीनं रात्रभर घर डोक्यावर घेतलं होतं.

"लोक म्हणतायत मी राळेत भेसळ केली," तो म्हणाला. "जपानला माल जातो माझा! एका हॉस्पिटलच्या चार बाटल्यांसाठी मी नाव घालवीन?"

"भेसळ तू केली नाहीस, हे मला पटलंय. भेसळीचा माल असता तर सीलबंद बाटल्याही पातळ निघाल्या असत्या. माझा प्रश्न वेगळा आहे. तुझी राळ गुणकारी ठरली तर तुझा फायदा. मग नुसत्या पाण्याच्या बाटल्यांत तूच थोडी राळ घालून ठेवलीस तर?"

लेओन्सियो त्यांच्याकडे बघून मोठ्यानं हसला.

"म्हणजे ज्यांना राळ मिळत नाही त्यांनाही बरं करायचं? मग डॉक्टर म्हणतील, राळ घ्या की पाणी घ्या, फरक काहीच नाही! उलट माझंच दिवाळं."

दोना ओंदिनाही हसल्या. हे उत्तर त्यांनीही मनाशी काढून ठेवलं होतं, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. शिवाय त्यात दुसरीही गोम होती. राळ वरून घातली असती तर पाण्याच्या बाटल्या जोरदार झाल्या असत्या, पण मूळच्या राळेच्या बाटल्या निम्म्यावर कशा आल्या असत्या? त्यांच्यातलं निम्मं गेलं कुठे?

"एक सांग. राळेचं औषध आणि नुसतं हिरवं पाणी, घरच्या घरी ओळखता येतं?"

"सोपं आहे. साध्या पाण्यात थेंब टाकायचा. राळ असेल तर पाणी दुधासारखं गढूळ होतं. नसेल तर नितळच राहतं." तो सुरी पुसता पुसता थांबला. "गंमत बघा, गेल्या महिन्यात अगदी हेच एकीनं विचारलं होतं मला. चर्चच्या दारात."

"कोण होती?"

"बाहेरगावची. झुल्मिरा असं नाव सांगितलं. डोक्याला निळा रुमाल, आवाज पार बसलेला. सांगितल्यावर माझे आभार मानले आणि म्हणाली, 'वाटलंच होतं मला.'"

४

शेकासाठी लांबलांबच्या वस्त्यांवरून येणाऱ्या पेशंटांना रोज घरी जाता येत नाही. त्यांच्यासाठी हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर आसराघर होतं. पाळीपाळीनं लोक यायचे, शेक संपला की नगरपालिकेच्या गाडीनं परत जायचे. दोना ओंदिना त्याच गावात राहत होत्या, त्या पेशंटांच्या नावानं समितीत बोलत होत्या, पण या घराचा उंबरा त्यांनी आजवर ओलांडला नव्हता. दारावरची घंटा वाजवताना त्यांना त्याची थोडी लाज वाटली.

दार निळ्या रुमालवालीनं उघडलं.

"दोना झुल्मिरा?"

"उआय! नाव माहीत आहे म्हणजे पोलीस असणार," बाईंचा आवाज कोरड्या पानांसारखा सळसळला.

"होते. आता निवृत्त आहे."

"मग या. निवृत्त माणसाला कॉफी मिळते."

स्वयंपाकघर मोठं होतं, मधोमध मेणकापड घातलेलं लांब टेबल. पलीकडे काही पेशंट बसले होते, कुणाच्या मानेची कातडी शेकानं भाजल्यासारखी काळवंडलेली. शेगडीवर मक्याच्या पिठाची पातळ पेज रटरटत होती. झुल्मिरांनी चीजचे छोटे गरम पाव दोना ओंदिनांसमोर ठेवले.

"खा. इथं हे फक्त पाहुण्यांना. आम्ही वास घेतो."

त्या पूर्वी एका खेड्यातल्या शाळेत मुलांचं जेवण बनवायच्या, हे त्यांनी आपणहून सांगितलं. नवरा नाही, मुलं आपापल्या मार्गाला लागलेली. घशात गाठ निघाली तेव्हा शाळेतल्या पोरांनी रांग लावून निरोप दिला होता. बोलता बोलता त्यांचा हात टेबलावरचं सांडलेलं पीठ गोळा करत होता. स्वयंपाकघर इथल्या कुणाचंच नव्हतं, पण ते त्यांनी पहिल्या दिवसापासून ताब्यात घेतलं असावं.

दोना ओंदिनांनी कॉफी संपवली. कप ठेवायला त्या मोरीपाशी गेल्या. फळीवर धुतलेली भांडी पालथी घातली होती आणि त्यांत एक काचेचा मोठा जग होता. त्यांनी तो उजेडात धरला. तळापासून वरपर्यंत हिरवट कडी, एकावर एक.

"हे पाण्यानं नाही निघायचं," त्या सहज म्हणाल्या. "स्पिरिट लागेल."

"राख लावूनही पाहिली," झुल्मिरा म्हणाल्या.

टेबलापलीकडची कुजबुज थांबली. झुल्मिरांनी डोळे मिटले आणि उघडले.

"बघा, कसं बोलून गेले मी. शाळेत पोरांना पकडायचे ते असंच."

५

"मीच केलं," टेबलावरून एक माणूस उठला. जिभेवर शेक घेतलेला, त्यामुळे शब्द बोबडे येत होते. "वाल्दिविनो. माझं नाव लिहा. मीच सगळं केलं."

"खाली बस, वाल्दिविनो," झुल्मिरा म्हणाल्या. "तुला जगही धड धरता येत नाही."

"मीही ओतलं," दुसऱ्या एका बाईनं हात वर केला. मग आणखी एकानं.

"कुणाचंही नाव लिहायला मी कागद आणलेला नाही," दोना ओंदिना म्हणाल्या. "मी सांगते काय झालं ते. कुठे चुकलं तर थांबवा."

त्या परत खुर्चीवर बसल्या.

"बाटल्यांत कुणी बाहेरून काही घातलं असतं तर सगळ्या मिळून राळ वाढली असती. कुणी काढून घेतलं असतं तर कमी झाली असती. इथे दोन्ही झालं नाही. काही बाटल्या पूर्ण होत्या, काही रिकाम्या, म्हणजे राळेनं रिकाम्या. आता सगळ्या निम्म्या आहेत. हे एकाच रीतीनं घडतं. सगळं एका भांड्यात ओतलं आणि परत सारखं वाटलं. बरोबर?"

एकदोघांनी माना हलवल्या.

"गावातले पेशंट आपापल्या घरी राहतात, त्यांच्या बाटल्या चोख राहिल्या. तुमच्या नाही. आणि एकत्र ओतायचं तर गळ्यावरून ओघळ येतो, टेबलावरचं पीठ त्याला चिकटतं. जुसेलियाला हे माहीत आहे, हो ना?"

"ती बिचारी एकदा औषध घेतलं का ते विचारायला आली होती," झुल्मिरा म्हणाल्या. "माझ्या हातात जग होता. दारातनंच पाहिलं आणि उलट्या पावली गेली."

"तिची नोकरी जायची वेळ आलीय."

झुल्मिरांचा चेहरा उतरला. हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी ताडकन रुमाल घट्ट बांधला.

"डॉक्टरांना बोलवा. आत्ताच. इथं."

"बोलवते. पण आधी मला सांगा, हे सुरू कसं झालं?"

"चमच्यानं. औषध घेऊन झाल्यावर मी चमचा पेल्यातल्या पाण्यात बुडवला, पाणी पांढरं झालं. वाल्दिविनोनं बुडवला, नितळच. तो माझ्यासमोर बसायचा, दोना ओंदिना. पेजेकडे बघायचा आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. गिळता येत नव्हतं. आणि मी गिळत होते! मग त्या राळवाल्याला विचारलं, खात्री झाली. त्यानंतर माझ्या घशाखाली ती पेज उतरेल का, सांगा तुम्हीच."

६

डॉक्टर आन्सेल्मो आले तेव्हा सगळे टेबलाभोवती तसेच बसले होते. दोना ओंदिनांनी थोडक्यात सगळं सांगितलं. ऐकता ऐकता डॉक्टरांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला.

"तुम्ही काय करून बसलात, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," झुल्मिरा म्हणाल्या. "एकाच्या ताटात जेवण आणि दुसऱ्याच्या ताटात जेवणाचं चित्र. माझ्या स्वयंपाकघरात असं चालत नाही."

"ते जेवणच आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वाल्दिविनोच्या तोंडानं. निम्मी राळ त्याच्या वाट्याला आली आणि आठवड्याच्या आत तो सूप प्यायला. विचारा त्याला."

वाल्दिविनोंनी मान हलवली.

डॉक्टर काही तरी कडक बोलणार होते. पण त्यांनी वाल्दिविनोंकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसले. आवाज खाली आला.

"सूप प्यायलात तो आठवडा कुठला, वाल्दिविनो?"

"ईस्टरचा," वाल्दिविनो म्हणाले. "त्या रविवारी."

"ईस्टरच्या आठवड्यात मशीन बंद होतं. तुम्हाला कुणालाच शेक मिळाला नाही. शेक थांबला की तोंड आपलं आपण भरून यायला लागतं. मग तुम्हाला उतार कशानं पडला? माशांच्या राळेनं, की मशीन बिघडलं म्हणून?"

टेबलाभोवतीचे सगळे वाल्दिविनोंकडे बघू लागले, जणू उत्तर त्यांच्या जिभेवर असणार होतं.

"मला माहीत नाही," वाल्दिविनो अखेर म्हणाले.

"मलाही माहीत नाही. राळेनं पडला असेल, मलाही तसंच वाटतं. पण मला वाटतं म्हणून मी देशभरच्या पेशंटांना ती कशी देऊ? काहींची कातडी राळेनं फुलून येते, पुरळ उठतं. फायदाच नसेल तर तो त्रास कशासाठी? ते कळावं म्हणून दुसरी बाटली होती. राळ न घेतलेलं तोंड त्याच आठवड्यात कसं होतं, ते बघायला. आता तसं तोंड या घरात एकही उरलेलं नाही."

झुल्मिरांनी शेगडी बंद केली.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. सह्या घेताना."

"तुम्ही वाचून दाखवलंत," झुल्मिरा म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "सांगितलं नाहीत."

दोना ओंदिनांनी मुद्दाम चीजचा एक पाव डॉक्टरांच्या पुढ्यात सरकवला आणि त्यांनी तो, काय खातोय ते न बघता, खाल्ला.

७

सोमवारच्या बैठकीत जुसेलियाला काढायचा विषय डॉक्टरांनीच मागे घेतला. बघितलेलं न कळवल्याबद्दल तिला समज मात्र मिळाली, आणि ती तिनं मान खाली घालून ऐकून घेतली. बाहेर आल्यावर दोना ओंदिनांनी तिला गाठलं.

"मला तरी सांगायचंस."

"तुम्हाला सांगितलं असतं तर त्या लोकांना चाचणीतून काढलं असतं," जुसेलिया म्हणाली. "मग ना पूर्ण, ना निम्मी. त्यांच्या तोंडांना रोज मी बघते, दोना ओंदिना. चूक होती, माहीत आहे. पुन्हा तशी वेळ आली तर काय करीन, ते विचारू नका."



चाचणी पहिल्यापासून सुरू करायचं ठरलं, नवीन पेशंट घेऊन. बैठकीत पेशंटांच्या वतीनं दोना ओंदिनांनी दोन अटी घातल्या आणि सही करायच्या आधी त्या मान्य करून घेतल्या. ज्याचं तोंड ठराविक मर्यादेपलीकडे बिघडेल त्याची, कुठलं औषध मिळतंय ते लिहिलेली बंद चिठ्ठी उघडायची आणि त्याला राळ नसेल तर राळ द्यायची. आणि सह्या हॉस्पिटलात नाही, आसराघराच्या टेबलावर घ्यायच्या, समोर बसून, विचारतील तेवढ्या प्रश्नांची उत्तरं देऊन. एदमारनं दोन्ही औषधांत बडीशेपेचा अर्क घालायची युक्ती काढली. आता कुठलाही चमचा पाण्यात बुडवला तरी पाणी पांढरं व्हायचं. हे सांगताना त्यानं पेन खिशातून एकदाही काढलं नाही.

लेओन्सियो नव्या राळेची खेप घेऊन आला. त्याला डॉक्टरांकडून माफी हवी होती. ती मिळाल्यावर तो इतका अवघडला की राळेची पेटी तिथेच विसरून निघाला आणि अर्ध्या रस्त्यातून परत आला.

झुल्मिरांचा शेक संपला त्या सकाळी दोना ओंदिना आसराघरात गेल्या. नगरपालिकेची गाडी दारात उभी होती, जाणारे बसत होते आणि नवे उतरत होते. टेबलापाशी डॉक्टर आन्सेल्मो नव्या मंडळींना समजावत होते. मशीन बंद पडल्याची गोष्ट त्यांनी सांगितली, वाल्दिविनोंचं नाव न घेता. लोकांना ती कळत होती, माना हलत होत्या. फक्त एक शेतकरी बाई, गळ्याभोवती शाल गुंडाळलेली, पेन हातात धरून तशीच बसली होती.

"आणि मला नुसतं पाणीच मिळालं तर?" तिनं विचारलं.

डॉक्टर बोलायच्या आत दारातून झुल्मिरांचा खरखरीत आवाज आला. त्यांच्या एका हातात पिशवी होती, दुसऱ्यात आसराघरात काम करणाऱ्या पोरींनी दिलेला फुलांचा गुच्छ.

"मिळू शकतं," त्या म्हणाल्या. "निम्म्यांना मिळणारच आहे. खोटं कशाला बोलू? तोंड फारच बिघडलं तर ही दोना ओंदिना चिठ्ठी उघडायला लावेल, तिला सोडू नका. पण तोवर बाटली ज्याची त्यानं घ्यायची. पेज वाटा, ब्लँकेट वाटा, नवऱ्याच्या तक्रारी वाटा. बाटली नाही."

"सोपं नाही ते," शालवाली बाई म्हणाली.

"नाहीच. मला जमलं नाही." झुल्मिरांनी पिशवी खांद्यावर घेतली. "रात्री फार दुखलं तर माझ्या नावानं बोटं मोडा. खुशाल मोडा, मला चालेल. पण बाटली शेजारणीच्या हातात देऊ नका."

बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि झुल्मिरा निघून गेल्या. शालवाल्या बाईनं त्या रिकाम्या दाराकडे पाहिलं. मग कागद जवळ ओढला, डॉक्टरांना दोन ओळी पुन्हा सांगायला लावल्या, आणि सही केली.